वहिनींचा मंगळवार

वहिनी वर्गात झोपायच्या. डुलक्या घ्यायच्या असं नव्हे. पाठ ताठ, वही उघडी, बोटांत पेन आणि डोळे मिटलेले. तेही पहिल्या बाकावर, सरांच्या नाकासमोर. पहिल्या वर्षी पर्यावरणाचा तास आम्हा सगळ्या शाखांना एकत्र असायचा, तिथं मी त्यांना प्रथम पाहिलं. एकदा सर शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, "वहिनी, मी आत्ता काय सांगितलं?" वहिनींनी डोळे न उघडता सरांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वर्ग हसला. सर म्हणाले, "झोपा मग." त्यानंतर तीन वर्षांत त्यांना कुणी उठवलं नाही.

सगळं कॉलेज त्यांना वहिनी म्हणायचं, कारण मंगळसूत्र घालून वर्गात येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. वय एकतीस, मुलगी चौथीत. बारावीनंतर लग्न होऊन पारोळ्याकडच्या एका खेड्यातून त्या सिल्वासाला आल्या. नवरा गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होता. तेरा वर्षांनी त्यांना पुन्हा शिकावंसं वाटलं, तेव्हा खिडकीवरचा कारकून म्हणाला, मधली वर्षं काय करत होता ते लिहून द्यावं लागेल. वहिनींनी कागदावर लिहिलं, 'भाकरी करत होते.' त्याने तो कागद परत केला आणि नीट भाषेत दुसरा लिहून घेतला. पण खरा कागद पहिलाच होता. पहाटे साडेतीनला उठून त्या एकट्या राहणाऱ्या कामगारांचे चोवीस डबे करायच्या. धुळ्या-जळगावकडची पोरं घरच्या चवीसाठी त्यांच्याकडे डबा लावायची. नऊपर्यंत डबे जायचे आणि साडेदहाला वहिनी पहिल्या बाकावर. मग झोप येणार नाही तर काय होणार?

"झोप काय, कुठंही लागते गं मला," त्या म्हणायच्या. "जागं राहायला मात्र जागा लागते. घरात कोणी जागू देत नही, नुसतं राबवतात. म्हणून कॉलेजात आले."

मी तेव्हा अठरा वर्षांची, रागावलेली मुलगी होते. वडील रत्नागिरी जिल्ह्यातले, इथल्या प्रशासनाच्या कचेरीत नोकरीला, आणि आम्ही टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. माझ्या मावसबहिणी मुंबईला शिकत होत्या. मलाही तिकडेच जायचं होतं, पण मार्कांनी घात केला. त्यामुळे सिल्वासाचं कॉलेज म्हणजे मला झालेली शिक्षा आहे अशा चेहऱ्यानं मी पहिले पाच-सहा महिने वावरले. कुणाशी बोलत नव्हते. गुजराती मुली आपसांत बोलायच्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुली आपसांत, कारखान्यातल्या लोकांच्या मुली हिंदीत. मी कुणाचीच नव्हते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. वहिनींनी मला पहिल्यांदा विचारलं, "तू कुठं राहती?" मी म्हटलं, "क्वार्टर्समध्ये." ते उत्तर मी ज्या तोऱ्यात दिलं असेल, तो त्यांना ऐकू आला असावा. त्या दिवसापासून माझं नाव त्यांच्यापुरतं 'क्वार्टर' झालं. माझं खरं नाव त्यांनी फक्त एकदा घेतलं. ते पुढे सांगेन.

आमच्या कॉलेजात मुलींचं एक सेवा मंडळ होतं. त्यात नाव घातलं की वर्षाअखेर प्रमाणपत्र मिळायचं आणि ते कुठेतरी उपयोगी पडतं असं सगळ्या म्हणायच्या, म्हणून मीही नाव घातलं. मंडळाचं काम ठरलेलं होतं. झाडं लावायची, रांगोळी काढायची, फलकाच्या मागे ओळीनं उभं राहून फोटो काढायचा. मंडळाच्या मॅडम मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्यावर आणखी चार समित्या होत्या. अशाच एका बैठकीत फलकाचा रंग, त्यावरची अक्षरं, तो बांधायचा कुठं, यावर अर्धा तास गेला. वहिनी कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मॅडम, फलक कुणी बांधायचा ते ठरलं. जायचं कुणाकडं, ते ठरायचं राहिलं."

मॅडमनी विचारलं, "तुम्ही सांगा, कुणाकडे जाऊ या?"

मग वहिनींनी सांगितलं. गलोंड्याच्या चाळींतून डबे पोचवताना त्या बायका बघायच्या. बिहारच्या, ओडिशाच्या, आपल्या नंदुरबार-धुळ्याच्याही. पोटुशा बायका, अंगावर ताप काढणाऱ्या बायका. नवरा बारा-बारा तास कारखान्यात. सरकारी दवाखाना फुकट आहे हे त्यांना माहीत होतं, पण तिथं जायचं कसं, कुठली खिडकी, कुठला कागद, आत गेल्यावर बोलायचं काय, हे माहीत नव्हतं. म्हणून जायच्याच नाहीत. "त्यांना आपण औषध देऊ शकत नही," वहिनी म्हणाल्या, "पैसे देऊ शकत नही. पण सोबत जाऊ शकतो ना? तेवढं तर येतं आपल्याला."

बायकांच्या तपासणीला मंगळवारी जायचं ठरलं, कारण मंगळवारी आम्हाला दुपारनंतरच तास असायचे. वीस मुलींनी हात वर केले. पहिल्या मंगळवारी सात आल्या. महिन्याभरात चार उरल्या. वहिनी, सुनीता नावाची सुरंगी गावची एक वारली मुलगी, कला शाखेची आणखी एक जण, जी पुढे लग्न होऊन गेली, आणि मी. मी का टिकले याचं उत्तर सेवाभाव असं नाही. घरी बसण्याचा कंटाळा आणि वहिनींनी सकाळच्या भाकऱ्यांतून आमच्यासाठी बाजूला ठेवलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा, एवढंच.

माझी पहिली बाई ओडिशाची होती. चार तास मी तिच्या शेजारी बाकावर बसले. एक कागद भरून दिला, एकदा खिडकी दाखवली. बाकीचा वेळ काहीच केलं नाही. ती जमिनीकडे बघत होती आणि मी भिंतीकडे. कॉलेजात परतल्यावर मी वहिनींना चिडून म्हटलं, "मी काही केलंच नाही. सकाळ फुकट गेली."

"ती उठून घरी पळाली का?"

"नाही."

"मग?" वहिनी म्हणाल्या. "बसणं सोपं वाटलं का तुला? उद्या माझ्यासारखे डबे करून बघ, तेही जमेल. पण बसणं सगळ्यांना जमत नही."

वहिनींचे असे काही नियम होते, ते त्यांनी कधी लिहून काढले नाहीत. 'आधी का नाही आलीस' हा प्रश्न विचारायचा नाही, तो डॉक्टर विचारतातच. बाईच्या पुढे चालायचं नाही, बरोबर चालायचं. आणि जी बाई ज्या मुलखाची, तिच्या भाषेतले तीन शब्द आधी शिकून घ्यायचे: पाणी, दुखतंय आणि घर. "एवढ्या तीन शब्दांत बाईमाणसाचं सगळं येतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांचे उच्चार इतके वाईट असायचे की आजारी बायकाही हसायच्या. वहिनी रागवायच्या नाहीत. हसली म्हणजे अर्धी बरी झाली, असा त्यांचा हिशेब.

सुनीता त्या काळात आमच्यातली सर्वांत शांत मुलगी. मुलींच्या वसतिगृहात राहायची, तीन प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायची. आम्ही तिघी कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून जेवायचो. मैत्री झाली ती कधी, हे मला सांगता येणार नाही. एक दिवस सुनीता आली नाही आणि मला जेवण जाईना, तेव्हा ती झालेली आहे हे कळलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परतलीच नाही. पंधरा दिवस वाट पाहून वहिनी आणि मी जीपने सुरंगीला गेलो.

तिच्या घरी गवताची कापणी चालू होती. आई ओटीवर पडलेली, छाती भात्यासारखी हलत होती. क्षयाचं निदान झालेलं होतं आणि गोळ्या चालू होत्या, पण तिला तपासणीला नेणं, घरचं रांधणं, गवत कापणं, हे सगळं आता सुनीताच्या अंगावर आलं होतं. वडिलांनी आमच्याकडे बघितलं. "मंडळवाल्या काय? फोटो काढा नं जा."

मी बोलायला तोंड उघडलं. मुलींचं शिक्षण किती महत्त्वाचं यावर माझं छोटंसं भाषण तयार होतं. वहिनींनी माझा दंड दाबला, पदर खोचला, भिंतीला टेकवलेला विळा उचलला आणि सरळ गवतात शिरल्या. शेतकऱ्याचीच लेक ती. दुपारपर्यंत त्यांनी सुनीताच्या वडिलांच्या बरोबरीनं कापणी केली. मी पेंढ्या बांधल्या, निम्म्या सुटल्या. जेवायला बसल्यावर वडीलच म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मला काय कळत नाय? पण हिला कोण नेईल दवाखान्यात?"

"आम्ही नेऊ," वहिनी म्हणाल्या.

"किती दिवस?"

"बरी होईपर्यंत. मी, ही क्वार्टर, आणखी एक जण आहे. तारखेला जीपमध्ये बसवून द्या, खाली उतरवून घ्यायला आम्ही उभ्या असू."

म्हातारा बराच वेळ नागलीची भाकरी चघळत राहिला. शेवटी म्हणाला, "एक तारीख चुकली तं पोरगी परत नेईन."

सहा महिने आम्ही एकही तारीख चुकवली नाही. सुनीताची आई बरी झाली. सुनीता दुसरं वर्ष पास झाली. माझ्या आयुष्यात मी केलेल्या ज्या गोष्टींचा मला निर्भेळ आनंद आहे, त्या फार थोड्या आहेत. त्यातली ही एक, आणि तीही माझी नव्हेच.

आनंद होता तसा थकवाही होता. लिहिताना लोक तो गाळतात, मी गाळणार नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत चाळींमध्ये सगळीकडे कळलं होतं की कॉलेजच्या पोरी सोबत येतात. मंगळवार पुरेना. फोन वाजत राहायचा. एकीबरोबर गेलं की तिची जाऊ, शेजारीण, गाववाली. नव्या मुली मंडळात यायच्या, प्रमाणपत्र घ्यायच्या, जायच्या. औषधांचा वास माझ्या ओढणीला कायमचा लागला असं मला वाटायचं. घरी वडील म्हणायचे, "लोकांच्या बाळंतपणांना जातेस, नोकरीचे अर्ज मी भरू का?" त्यांचंही चुकत नव्हतं. वहिनींकडे बघावं तर त्या माझ्याहून दुप्पट थकलेल्या. त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती, आणि मला वाटतं, त्याचाच मला सर्वांत जास्त राग येऊ लागला होता.

शेवटच्या परीक्षेचे दिवस. माझे वाणिज्य शाखेचे पेपर संपले होते, वहिनींचे कला शाखेचे दोन राहिले होते. त्या मंगळवारी गलोंड्याच्या चाळीतल्या रंजूला तपासणीला न्यायची पाळी माझी होती. रंजू बिहारची, आठवा महिना, रक्तदाब वाढलेला. हा आठवडा चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सकाळी मी उठले, आंघोळ केली, ओढणी घेतली आणि पुन्हा पलंगावर बसले. मला काही झालं नव्हतं. ताप नव्हता, डोकं दुखत नव्हतं. फक्त उठवेना. मी फोन बंद केला, भिंतीकडे तोंड करून पडले. आईला सांगितलं, बरं वाटत नाहीये.

दुपारी चार वाजता फोन चालू केला तेव्हा सुनीताचा निरोप होता. सकाळी रंजूचं डोकं भयंकर दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला. शेजारणीने आधी मला फोन लावला, मग वहिनींना. वहिनी तेव्हा परीक्षेच्या दारात उभ्या होत्या, हातात हॉलतिकीट घेऊन. त्या तिथूनच रिक्षा करून गेल्या. रंजूचं तातडीने ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. वहिनींचा पेपर बुडाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटले आणि म्हटलं, तापाने पडले होते, फोनचं चार्जिंग संपलं होतं. वहिनी म्हणाल्या, "आता बरं वाटतंय ना?" आणि रंजूची मुलगी दिसायला कशी आहे ते सांगू लागल्या.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या नवऱ्याच्या कारखान्यातली निम्मी मशीनं बंद झाली. त्याला घरी बसवलं. दोन महिने इकडेतिकडे काम शोधून शेवटी त्यांनी गावी परतायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. टेम्पो दारात लागला होता. त्यांची मुलगी दप्तर पाठीला लावून आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. वहिनी परातीत परात घालून सुतळीने बांधत होत्या. मी दुसरं टोक धरलं. तीन महिने जे गिळून ठेवलं होतं ते तेव्हा बाहेर आलं.

"वहिनी, त्या दिवशी मला ताप नव्हता. फोन मी मुद्दाम बंद केला होता."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"रिक्षा तुझ्याकडूनच वळवली होती ना मी," त्या सुतळीला गाठ मारत म्हणाल्या. "वाटलं, तुला घेऊन जावं, तू थांबशील तिच्यापाशी, मी पेपरला परत येईन. खाली तुझी स्कूटी होती. वर खिडकीत तुझी आई केस विंचरत होती. घरात कोणी फार आजारी असलं की आई अशी निवांत केस विंचरते का?"

"मग हाक का नाही मारलीत?"

वहिनींनी गाठ ओढून पाहिली. मग त्यांनी माझं नाव घेतलं, खरं नाव, आणि म्हणाल्या, "हाक मारली असती तर तू आली असतीस. तोंड पाडून आली असतीस, रंजूपाशी बसली असतीस, सगळं केलं असतंस. आणि त्यानंतर मला बघून रस्ता बदलला असतास. माणूस थकतं गं. थकलेल्या माणसाला धरून न्यायचं नसतं."

मी रडत होते. त्या रडल्या नाहीत. टेम्पोवाला घाई करत होता. "सुनीला जप," एवढं म्हणून त्या चढल्या, आणि टेम्पो वळायच्या आत त्यांचे डोळे मिटलेले मला दिसले.

पुढच्या वर्षी बुडालेला पेपर द्यायला त्या आल्या, तेव्हा आमच्याकडे उतरल्या. माझ्या आईने त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आयतं ताट पुढे आल्यावर वहिनी इतक्या अवघडल्या की आईलाच हसू आलं. परीक्षेच्या दारापर्यंत मी बरोबर गेले आणि तीन तास बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. त्या पास झाल्या. त्या पदवीचं पुढे काही झालं नाही. गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवण्याचं काम त्यांना मिळालं. "तालुक्यात बी. ए. झालेली आचारीण मी एकटीच असेन," असं फोनवर सांगून हसल्या. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. होता थोडासा.

याला आता अकरा-बारा वर्षं झाली. सुनीताने परिचारिकेचं शिक्षण घेतलं, ती एका आरोग्य केंद्रात आहे. मी वडिलांसारखीच कचेरीत कारकून झाले. मंडळ अजून चालू आहे. नाव बदललं, मॅडम बदलल्या. महिन्यातून दोन मंगळवार मी अर्धी रजा टाकून जाते. तीन वर्षांपूर्वी मात्र मी फार कंटाळले होते. मी वहिनींना फोन केला आणि म्हटलं, "तेच तेच, वहिनी. मुली येतात आणि जातात. बायका संपत नाहीत. मला आता होत नाही."

मला वाटलं त्या धीर देतील.

"मग सोड," त्या म्हणाल्या.

"सोड म्हणजे?"

"सोड म्हणजे सोड. मी नही का सोडलं? तू काय कंत्राट घेतलंय?" मागे कुठंतरी मुलांचा गलका चालू होता. "आता तिथल्या बायांना रस्ता माहीत झालाय. जातील एकमेकींना घेऊन."

मी खरोखरच सोडलं. दोन महिने गेले नाही. कुणी बोलवायला आलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी, काही ठरवलेलं नसताना, मी कचेरीत अर्ध्या रजेचा अर्ज दिला. का, ते मला विचारू नका. वहिनींनाही मी ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका मंगळवारी मी दवाखान्यातल्या बाकावर होते. बरोबर उत्तर प्रदेशातल्या बांद्याकडची एक बाई होती, पहिलटकरीण, पाय सुजलेले. तिची फाईल माझ्या मांडीवर होती. फोनवर निरोप आला. अनोळखी नंबर, वहिनींच्या मुलीचा. 'मावशी, आई गेली. आज दहा दिवस झाले. झोपेतच गेली. तुमचा नंबर तिच्या वहीत आज सापडला.'

मी तो निरोप दोनदा वाचला. रडले असेन, कारण शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, का हुआ?"

"मेरी भाभी गुजर गई," मी म्हटलं. मला भाऊ नाही. पण दुसरा कुठला शब्द मला सापडला नाही.

तिने विचारपूस केली नाही. आपलं अवघडलेलं शरीर सरकवून ती माझ्या जवळ आली, माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि समोर बघत बसून राहिली. आतून तिचं नाव पुकारलं. मी डोळे पुसून उठायला लागले, तर तिने मला दाबून खाली बसवलं. "बैठो अभी," म्हणाली. पुन्हा नाव पुकारलं. ती हलली नाही. तिसऱ्यांदा नर्स दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मीच तिला काखेत हात घालून उठवलं, आणि आम्ही दोघी आत गेलो.